निसर्गनियमवादी नीतिशास्त्र : हेतू आणि सद्गुण

कृती नैतिक ठरण्यात कर्त्याचा हेतू आणि त्याचे सद्गुण यांचा वाटा किती, हा निसर्गनियमवादी नीतिशास्त्रातील, म्हणजे मानवी स्वभावातून बुद्धीला उमगणारे नैतिक नियम मानणाऱ्या विचारातील, कळीचा प्रश्न आहे. त्याची सर्वांत पद्धतशीर मांडणी ॲरिस्टॉटलच्या विचारांच्या आधारे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) याने ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात केली. चांगले ते करावे, वाईट ते टाळावे, हे त्याच्या मते व्यवहारबुद्धीचे पहिले सूत्र. जीवरक्षण, अपत्यसंगोपन, सत्यशोध आणि समाजजीवन यांकडे माणसाची स्वाभाविक ओढ असते. तिच्या आधारे बुद्धीला निसर्गनियमाचे आदेश उमगतात.

कृती पारखताना तीन गोष्टी पाहतात : काय केले, कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. तिन्ही निर्दोष असतील तरच कृती चांगली. एकीतही खोट असली तर ती बिघडते. त्यामुळे हेतूचे सामर्थ्य एकाच दिशेने चालते. सूड उगवण्यासाठी दिलेली साक्ष खरी असली तर न्यायालयाला सत्य कळते, परंतु साक्षीदाराची कृती हेतूमुळे डागाळते. उलट, आरोपीची दया येऊन दिलेली खोटी साक्ष दयेमुळे निर्दोष ठरत नाही; ते असत्यच राहते. दोष फार तर हलका होतो.

सद्गुणाचा प्रश्न याहून खोल आहे. कृती सद्गुणी ठरण्यासाठी ॲरिस्टॉटलच्या अटी तीन : कर्त्याने जाणून करावे, त्या कृतीच्या चांगुलपणासाठीच ती निवडावी आणि स्थिर स्वभावातून करावे. अक्वायनस येथे एक महत्त्वाचा भेद करतो. मानवी कायदा जाणीवपूर्वकता तपासू शकतो, आतला हेतू तपासू शकत नाही. हेतू ईश्वरी नियमाच्या कक्षेत येतो. स्थिर स्वभावाची सक्ती मात्र दोन्ही नियम करीत नाहीत. आई-वडिलांचा योग्य मान राखणाऱ्याच्या अंगी मातृपितृभक्ती मुरलेली नसली, तरी त्याने आई-वडिलांना मान देण्याची ईश्वरी आज्ञा मोडली असे होत नाही. सद्गुण अंगी बाणायला वेळ लागतो, हे ओळखणारी ही भूमिका फार समंजस आहे.

विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्रमुख सद्गुणांत विवेक अग्रस्थानी, कारण सामान्य नियम समोरच्या प्रसंगाला तोच लावून देतो. त्याच्या पायऱ्या तीन : पर्यायांचा विचार, निर्णय आणि अंमलाचा आदेश. चुकाही पायरीगणिक वेगळ्या. उतावीळपणा विचार खुंटवतो, बेपर्वाईमुळे महत्त्वाची बाब नजरेतून सुटते आणि निर्णय चुकतो, तर चंचलपणामुळे योग्य निर्णयही अमलात येत नाही. बुद्धी तल्लख असूनही मनुष्य घसरतो तो बहुधा या तिसऱ्या पायरीवर. तेथे वासना किंवा भीती आड येते, आणि म्हणूनच विवेकाला संयम व धैर्य यांची साथ लागते.

हेतूच्या विचाराचा गैरवापरही झाला. स्वसंरक्षणात हल्लेखोर मेला तरी त्याला मारणे हा हेतू नसू शकतो, असे अक्वायनस म्हणतो. पण वापरलेले बळ गरजेपुरतेच असले पाहिजे, ही अटही घालतो. पुढे काही धर्मपंडितांनी वाईट कृती करताना मनातल्या मनात हेतू चांगल्या गोष्टीकडे वळवून घेण्याची पळवाट काढली. फ्रेंच विचारवंत पास्कालने १६५६–५७ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. विसाव्या शतकात ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनीही हेतू म्हणजे स्वतःशी पुटपुटलेले वाक्य, ही समजूत खोडून काढली. व्यवहारात उपयोगी पडणारी एक कसोटी अशी : मृत्यूचा धोका असताना वेदनाशामकाची मात्रा वाढवूनही रुग्ण जगला आणि वेदना थांबल्या, तर डॉक्टरचा बेत फसला का? फसला नसेल, तर मृत्यू हा त्याचा हेतू नव्हता.