बत्तीस वर्षांच्या पिर्लोचं काय करायचं?

२०११च्या मे महिन्यात एसी मिलानने इटलीची लीग जिंकली आणि त्याच महिन्यात मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोला निरोप दिला. दहा वर्षं क्लबात, दोन चॅम्पियन्स लीग, मध्ये देशासाठी वर्ल्ड कप. पण त्या मोसमात दुखापतींमुळे त्याचे निम्म्याहून जास्त लीग सामने हुकले होते आणि वय झालं होतं बत्तीस. तिशी उलटलेल्याला एका वेळी एकाच वर्षाचा करार, हा मिलानचा शिरस्ता. पिर्लोला जास्त हवा होता. युव्हेंटसने तीन वर्षांचा दिला आणि मिलानला एक छदामही न देता त्याला उचललं. सलग दोन मोसम सातव्या क्रमांकावर अडकलेला युव्हेंटस पुढच्या वर्षी ३८ सामन्यांत एकदाही न हरता विजेता ठरला. मिलान दुसरा. पिर्लो तिथे चार वर्षं होता, चारही वर्षं लीग युव्हेंटसचीच.

तरीही मिलानचा शिरस्ता मला वेडगळ वाटत नाही. त्यामागे शरीराचं गणित आहे.

स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू लवकर दमत नाहीत. चपळ तंतू एका झटक्यात जोर लावतात. वय वाढतं तशी आधी झीज होते ती चपळ तंतूंची. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू कमी होतात आणि पोरके झालेले काही तंतू शेजारच्या संथ तंतूंच्या मज्जापेशी दत्तक घेतात. हृदयाचे कमाल ठोकेही दरवर्षी थोडे उतरत जातात. बत्तिशीत हे सगळं इतकं किरकोळ असतं की तुम्हाआम्हाला कळणारही नाही. मैदानावर मात्र हिशोब वेगळा. २० मीटर पळायला साधारण तीन सेकंद लागतात असं धरा. वेग फक्त ३ टक्क्यांनी कमी झाला, तर खेळाडू ६० सेंटीमीटर मागे राहतो. बचावपटूचा पाय मध्ये यायला तेवढी जागा पुष्कळ झाली. त्यात मांडीच्या मागचा स्नायू एकदा दुखावला की पुन्हा दुखावण्याचा धोका वाढतो, आणि तो वयानेही वाढतो.

कडेने मुसंडी मारणाऱ्या विंगरची भाकरी याच ६० सेंटीमीटरवर असते. पिर्लोची नव्हती.

त्याचा कुठलाही जुना सामना लावा आणि चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघा. चेंडू अजून मागे बचावपटूच्या पायात आहे. पिर्लो चालतोय. डाव्या खांद्यावरून एक नजर, उजव्या खांद्यावरून एक, मग चेंडूकडे. चेंडू पायाशी येतो तोवर त्याचं ठरलेलं असतं. नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची अशी मान वळवणं मोजलं. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात असं त्यांना दिसलं. व्हिडिओ मध्येच थांबवून ‘आता चेंडू कुठे जाईल?’ असं विचारलं, तर मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा बरोबर ओळखतात, हेही अनेक प्रयोगांत आढळलंय. आपल्याकडे रविवारी टर्फवर एक पोट सुटलेला काका असतो. तो पळत नाही, पण चेंडू दर वेळी त्याच्याच पायाशी कसा येतो कोण जाणे. गोलरक्षकांचंही थोडं तसंच. इटलीचा गोलरक्षक दिनो झॉफने १९८२ साली चाळिशीत कर्णधार म्हणून वर्ल्ड कप उचलला.

आता पैसा. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी १९७९ साली एकंदर नोकऱ्यांबद्दल एक मांडणी केली: तरुणपणी माणसाला कामापेक्षा कमी मिळतं, उतारवयात जास्त, आणि आयुष्यभराचा हिशोब जमतो. फुटबॉलमध्ये ही थकबाकी बऱ्याचदा दुसराच क्लब चुकवतो. १९९५च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबाला काही न मिळता दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो. ट्रान्सफरची, म्हणजे जुन्या क्लबाला द्यायची, वाचलेली रक्कम मग काही अंशी त्याच्या पगारात उतरते. त्यामुळे ज्येष्ठाचा पगार नुसत्या तरुणाच्या पगाराशी ताडून बघणं गैर आहे. अर्थात तरुणाला उद्या विकता येतं. ज्येष्ठाचं मोडीतही काही येत नाही.

गोव्याने दोन्ही तऱ्हा पाहिल्या. २०१४ साली एफसी गोवाकडून उतरलेला फ्रान्सचा नामवंत खेळाडू रॉबेर पिरेस चाळिशी पार केलेला होता आणि त्याच्या नावावर एकच गोल लागला. पण आयएसएल (इंडियन सुपर लीग) तेव्हा पहिलटकरीण होती, तिला चेहरे हवे होते. तो पगार निम्मा जाहिरातखर्चच समजावा. २०१७ साली आलेल्या फेरान कोरोमिनासचं नाव इथे फारसं कुणाला माहीत नव्हतं. वय ३४. पहिल्याच मोसमात १८ गोल, सलग दोन वर्षं सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट.

अशी उदाहरणं जपूनच वापरावीत. आजीचं पितळी पातेलं अजून ठणठणीत आहे, म्हणून जुनी भांडी दणकट असं आपण म्हणतो. फुटलेली, मोडीत गेलेली आपल्यासमोर नसतात. पस्तिशीत खेळताना दिसतात ते गाळून उरलेले. त्यांची सरासरी काढून ‘वयाने काही बिघडत नाही’ म्हणणं म्हणजे त्या पातेल्याचाच न्याय. पिर्लोसुद्धा छत्तिशीत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क सिटी क्लबाकडे गेला. तिथे २०१६ साली त्याला सुमारे ५९ लाख डॉलर मिळत होते. डोळे तेच होते, पण चेंडू गेला की परत धावायला पाय उरले नव्हते. २०१७च्या अखेरच्या मोसमात तो बराचसा बाकावर होता.

जुलै २०२५मध्ये मिलानने आणखी एक मिडफिल्डर घेतला, रेआल माद्रिदहून, फुकटात. लुका मॉद्रिच, वय ३९. करार एका वर्षाचा, पुढे वाढवण्याची मुभा ठेवून.