जाळी बसली, कळ राहिली

मालवणात रापण ओढणारा आमचा एक शेजारी हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर गेली दोन वर्षं लुंगीची गाठ मुद्दाम डावीकडे मारतो. उजव्या जांघेतल्या व्रणाला नुसतं कापड घासलं तरी वीज चमकावी तशी कळ खाली वृषणापर्यंत उतरते. "हर्निया गेलो, पण कळ काय जाऊक नाय," तो म्हणतो. परत दाखवायला गेला तेव्हा उत्तर मिळालं: शस्त्रक्रियेत आधाराला बसवलेली जाळी जागेवर आहे, हर्निया पुन्हा झालेला नाही. दोन्ही खरंच होतं.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा हिशेब शंभरेक वर्षं असाच मांडला गेला. इटलीतल्या पादुआच्या एदुआर्दो बस्सिनी यांनी 1880 च्या दशकात आतडं जिथून बाहेर डोकावतं ती जांघेतली कमकुवत भिंत थराथराने शिवायची पद्धत आणली. त्याआधी बहुतेकांच्या नशिबी कमरेचा पट्टाच असायचा. बस्सिनींचे टाके मात्र ताणाखाली असत आणि ताणलेलं शिवण कधीतरी उसवतंच. म्हणून पुढचा सगळा खटाटोप 'पुन्हा होऊ नये' यासाठी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी भिंतीला आधार म्हणून प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी वापरली. लॉस एंजेलिसच्या लिक्टेन्स्टाइन यांनी 1980 च्या दशकात ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रुळवली आणि हर्निया उलटण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

आपल्याकडे अडचण किमतीची. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड जाळी म्हणून वापरलं. तसल्या स्वस्त जाळीची युगांडात महागड्या जाळीशी तुलना झाली, तेव्हा हर्निया उलटण्यात फरक दिसला नाही. जन्मभर जाळ्यांशीच व्यवहार असलेल्या कोकणी माणसाला यात नवल वाटू नये! पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळी टाळून रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी शिवली.

दुखणं मोजायला सुरुवात झाली ती उशिरा. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही साधारण दहातल्या एकाला मध्यम ते तीव्र वेदना होती. यातल्या शस्त्रक्रिया जाळीविना, नुसत्या टाक्यांच्या होत्या. त्यामुळे सगळा दोष जाळीवर ढकलण्याची हल्लीची रीत मला पटत नाही. जांघेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. एखादा टाक्यात सापडतो, कापला जाऊन टोकाशी गाठ धरतो किंवा व्रणात आवळला जातो. जाळी आक्रसली, तिची गुठळी झाली तर दुखण्याची तऱ्हा वेगळी. शस्त्रक्रियेआधीच जास्त दुखत असेल किंवा वय कमी असेल, तर धोका वाढतो. आता तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या अशा वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे.

उपचार पायरीपायरीने चढतात. आधी खरंच हर्निया उलटलेला नाही ना, मणक्याचं किंवा खुब्याचं दुखणं नाही ना, हे पाहायचं. मग साध्या वेदनाशामक गोळ्या आणि थोडा धीर, कारण बऱ्याच जणांचं दुखणं काही महिन्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी मज्जातंतूच्या वेदनेवरची औषधं. पुढे तंतूजवळ बधिरतेचं इंजेक्शन. एवढ्यानंही भागलं नाही तरच पुन्हा चाकू: तिन्ही तंतू कापायचे, क्वचित जाळीही काढायची. एकाच बैठकीत तिन्ही तंतू कापण्याची ही शस्त्रक्रिया रुळवणारे परवीझ अमीद हे लिक्टेन्स्टाइन यांचेच सहकारी. ज्या घरातून जाळी जगभर गेली, तिथूनच तिच्या मागे राहिलेल्या कळीचा इलाज निघाला. किंमत म्हणजे तेवढा भाग कायमचा बधिर होतो, आणि आराम सगळ्यांनाच पडतो असं नाही.

किनाऱ्यावरचा माणूस बहुधा पहिल्या पायरीवरच अडकतो. 'जाळी ठीक आहे' ऐकून घरी येतो, दोर हातात घेतो आणि अर्ध्यावर सोडतो. शेजाऱ्याला शेवटी कोणीतरी वेदनातज्ज्ञाकडे धाडलं. इंजेक्शननंतर तिथेच बाकावर बसून त्याने व्रण स्वतःच अंगठ्याने दाबून पाहिला, दोनदा. काही तास काहीच दुखलं नाही. म्हणजे कळ तंतूचीच, एवढं तरी ठरलं. पुढचं इंजेक्शन पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर. तोवर गाठ डावीकडेच.