टोस्टचा इटालियन भाऊबंद: दाण्याच्या बिस्किटांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आठवडाभर आधी विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बेकरीपुढे डब्यांची रांग लागते. मैदा, तूप, पिठीसाखर घरची. भट्टी आणि हात बेकरीवाल्याचे. मजुरी किलोमागे ठरलेली. नानकटाईचे पत्रे आत-बाहेर होत असतात आणि एका बाजूला वर्षभराचं नेहमीचं काम चालू असतं, ते टोस्टचं. आदल्या दिवशीचा पाव कापायचा, काप पत्र्यावर मांडायचे आणि भट्टी उतरणीला लागली की पुन्हा आत सरकवायचे. इटलीत ज्याला ‘बिस्कोत्ती’ म्हणतात त्याची मूळ कृती हीच. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेलं. आपला ‘बिस्किट’ हा शब्दही फ्रेंच-इंग्रजी वळणं घेत तिथूनच आला. त्यामुळे पुड्यातलं एकदाच भाजलेलं गोड बिस्किट नावापुरतं बिस्किट असतं आणि चहात बुडवायचा टोस्ट मात्र शब्दाला जागतो.

दोनदा भाजण्यामागे चवीचा विचार नव्हता, पाणी घालवण्याचा होता. पावात पाणी राहिलं की बुरशी येते; ते उडवलं की तोच पाव महिनोन्‌महिने टिकतो. व्हेनिस आणि जेनोवाची गलबतं अशाच कडक पावावर समुद्र ओलांडत. लाकडाची भट्टी एकदा तापवली की तासन्‌तास हळूहळू निवत जाते. पहिल्या कडक आचेवर पाव, मधल्या आचेवर गोड पदार्थ आणि शेवटच्या मंद आचेवर वाळवणं, हा क्रम भट्टीनेच लावून दिला. वरण-बट्टीची बट्टी आधी उकडून किंवा वाफवून, मग कापून तळतात. दोन टप्प्यांत शिजवण्याची ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही, फक्त हेतू वेगळा आहे.

गोड बिस्कोत्तीचं माहेर मध्य इटलीतला तोस्काना प्रांत. तिथे तिला ‘कांतुच्चो’ (अनेकवचनी ‘कांतुच्ची’) म्हणतात. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमी या भाषासंस्थेच्या शब्दकोशात १६९१ साली ‘कांतुच्चो’ची व्याख्या आहे ती अशी: बारीक मैद्याचं, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घातलेलं, कापांचं बिस्किट. त्यात बदामाचा उल्लेखही नाही. आज ओळखीचं झालेलं बदामाचं रूप रुळलं ते फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात. तिथे अंतोनिओ मात्तेईने १८५८ मध्ये बेकरी काढली आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या बिस्किटांची दखल घेतली गेली. मैदा, साखर, अंडी, बदाम आणि चिलगोज्यांसारखे पाइनचे दाणे एवढंच त्याचं सामान. लोणी नाही, तेल नाही, फुगवायला सोडाही नाही. स्निग्धता येते ती अंड्याच्या पिवळ्या बलकातून आणि बदामातून. म्हणूनच हे बिस्किट दगडासारखं कडक असतं आणि तिथे ते ‘विन सांतो’ या गोड वाइनमध्ये बुडवून खातात. चहातही तितकंच छान लागतं.

बदाम इथे सालासकट आणि अख्खे घालतात. यात आळस नाही. साल काढायला बदाम भिजवले की ते पाणी पितात आणि तेच पाणी नंतर बिस्किटाला आतून मऊ ठेवतं. शिवाय खरखरीत सालीला पीठ धरून राहतं.

बदामाच्या जागी फल्लीदाणे घालायचे तर हे लक्षात ठेवावं लागतं. दाण्याचं साल कागदासारखं सुटतं, पीठ त्याला धरत नाही. म्हणून ते काढावंच. पण दाणे अर्धेच भाजायचे, कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं, साल सुटेल इतपत. चटणीला भाजतो तसे खमंग भाजले तर पुढे दोनदा भट्टीत जाऊन कडू होतात. प्रमाण असं: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, टरफलाविना १०० ग्रॅम अंडी, १२० ग्रॅम दाणे, चिमूटभर मीठ आणि घरच्या भट्टीसाठी अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर. मात्तेईच्या कृतीत ती नाही, पण अंडी-साखर नीट फेसण्याची सवय नसेल तर तिचा आधार होतो. मैद्यातला ५० ग्रॅम काढून चक्कीची कणीक घातली तर दुधाचा एखादा मोठा चमचा जास्त लागतो, कारण कोंडा पाणी ओढतो.

पीठ हाताला चिकटतं. तिथेच घात होतो: चिकटतं म्हणून वरून मैदा भुरभुरला की बिस्किट चिवट आणि कोरडं होतं. मैदा न वाढवता हात पाण्याने ओले करावेत. पाच सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर उंच अशा लांबट वड्या थापून १७५ अंशांवर २५ मिनिटं भाजायच्या. मग बरोबर दहा मिनिटं थांबायचं. गरम असताना कापलं तर चुरा होतो. पार थंड झाल्यावर कापलं तर दाण्यापाशी तडा जातो. दातेरी सुरीने करवतीसारखं, तिरकं, सव्वा सेंटिमीटर जाडीचं कापावं. काप आडवे ठेवून १५० अंशांवर एका बाजूने आठ आणि दुसऱ्या बाजूने आठ मिनिटं. बाहेर काढताना मध्यभागी किंचित मऊ वाटले तरी थांबायचं नाही, निवताना ते कडक होतात.

दुसरं घराणं मैद्याविना चालतं: वाटलेले बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. तोस्कानातल्या सिएना शहराची ‘रिच्यारेल्ली’, लोम्बार्दीची ‘अमारेत्ती’ आणि उत्तरेची ‘ब्रुत्ती मा बुओनी’ (कुरूप पण चवदार) ही सगळी त्यातली. याची मुळं अरबांच्या काळातल्या सिसिलीत सापडतात. तिथूनच बदाम-साखरेची वाटणं इटलीभर पसरली. साखरेला इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘सुक्कर’वरून आला, सुक्कर फारसीतून आणि त्याचं मूळ आपली ‘शर्करा’. त्या काळी साखर इतकी महाग होती की ती किराणा दुकानात मिळत नसे, औषधी विकणाऱ्याकडे मिळे. सिएनात मसाल्याचे आणि बदामाचे गोड पदार्थ विकायलाही औषधविक्रेतेच पुढे होते.

‘अमारो’ म्हणजे कडू. अमारेत्तीचा खास वास कडू बदामाचा आणि त्याच कडू बदामात भिजल्यावर सायनाइड तयार होतं. म्हणून ते थोडेच घालत. जर्दाळूच्या आतली बी तशाच वासाची असते, पण वासासाठी ती मूठभर वाटून घालण्याचा मोह नको. बदाम-अर्काचे दोन-तीन थेंब पुरतात आणि दाण्याच्या बिस्किटात तेही नकोतच. तिथे वेलची किंवा जायफळ जास्त शोभतं.

हे प्रकार घराघरांत पोचवण्याचं मोठं श्रेय एका पुस्तकाला जातं. पेल्लेग्रिनो आर्तुझी रेशमाचा व्यापारी, स्वयंपाकी नव्हे. ‘स्वयंपाकातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला’ अशा अर्थाचं त्याचं पुस्तक प्रकाशकांनी नाकारलं. १८९१ मध्ये फ्लॉरेन्सला त्याने ते स्वतःच्या खर्चाने छापलं, तेव्हा त्यात ४७५ कृती होत्या. १९११ मध्ये तो वारला तोवर चौदा आवृत्त्या निघून संख्या ७९० वर गेली होती. कृती करून बघायला मारिएत्ता साबातीनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली हे दोघे त्याच्या घरी कामाला होते आणि पुस्तकाचे हक्क त्याने त्यांनाच ठेवले. त्याच्या अमारेत्तीच्या एका कृतीचं प्रमाण २५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम गोड बदाम, ५० ग्रॅम कडू बदाम आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग. साखर बदामाच्या पावणेदोन पटीजवळ! आजच्या जिभेला हे फार गोड आहे.

आर्तुझीची खरी देणगी म्हणजे ग्रॅम. छोटी राज्यं एक होऊन इटली देश झाल्यावर तिथे मेट्रिक मापं आली आणि आर्तुझीने त्यांवर कृती बांधल्या. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून लागू होत गेली; त्याआधीची पुस्तकं शेर-पावशेर-तोळ्यात बोलतात. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप रूढ केलं. भाजी-वरणाला ते उत्तम, पण दाण्याच्या कुटाला वाटी दगा देते. सैल भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत पाव वाटीचा फरक सहज पडतो. बेकिंगचं पुस्तक हातात घेतलं की आधी मापं बघावीत. ग्रॅममध्ये असतील तर वजनकाटा बाहेर काढावा, कपात असतील तर एकदा वजन करून समासात पेन्सिलीने आकडा लिहून ठेवावा.

अंड्यांचंही तसंच. पुस्तकातलं ‘एक अंडं’ म्हणजे टरफलाविना साधारण ५० ग्रॅम, त्यात पांढरा भाग ३० ते ३३ ग्रॅम. गावरान अंडं टरफलाविना ३५ ग्रॅमच्या आसपास, पांढरा भाग विसेक ग्रॅमच. दोन फार्मच्या अंड्यांची कृती दोन गावरान अंड्यांनी केली तर पीठ कोरडं पडतं आणि दोष बिचाऱ्या दाण्यांना जातो. तीन घ्यावीत आणि वजन करून घ्यावीत.

दाण्याची अमारेत्ती करायची तर २०० ग्रॅम दाणे खमंग भाजून, सोलून पूर्ण थंड करावेत. कच्च्या दाण्याचा शेंगवट वास या बिस्किटात लपत नाही. बदाम कच्चा चालतो, दाणा चालत नाही. कुबट, काळपट, सुरकुतलेला दाणा वेचून टाकून द्यावा, बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. मग १८० ग्रॅम साखरेतली अर्धी दाण्यांबरोबर मिक्सरला लावायची, पाच-पाच सेकंदांचे झटके देत. साखर सुटणारं तेल धरून ठेवते. दाण्याचा लाडू करताना तेल सुटलं तर बरंच, लाडू वळतो. इथे नेमकं उलटं. भांड्याच्या कडेला कूट चिकटायला लागलं आणि आवाज जड झाला की थांबा. त्यापुढे गेलात तर बिस्किट पत्र्यावर पोळीसारखं पसरतं, कारण तेल अंड्याचा फेस मोडतं.

६० ग्रॅम पांढरा भाग चिमूटभर मीठ टाकून मऊ शेंडे येईपर्यंत फेसायचा, उरलेली साखर आणि कूट हलक्या हाताने मिसळायचं. गोळा हाताला चिकटेल पण वाहणार नाही, इतका घट्ट हवा. १८ ग्रॅमचे चोवीसेक गोळे पिठीसाखरेत घोळवून अर्धा-एक तास उघडे ठेवायचे, मग १६० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. उघडे ठेवल्याने वर पापुद्रा धरतो आणि भाजताना तोच तडकून नक्षी उमटते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत वीस मिनिटांत काम होतं. श्रावणात पापुद्रा धरतच नाही आणि बिस्किटं गुळगुळीत निघतात. गूळ घालायचा तर साखरेच्या पाव हिश्शापलीकडे नाही. तो ओल ओढतो आणि रंग लवकर धरतो.

अंडं न चालणाऱ्या घरात या कृतीत दही-दूध घालून जुगाड करण्यापेक्षा वायव्य इटलीतल्या प्येमोन्ते प्रांताकडे वळावं. तिथली ‘बाची दी दामा’ मुळातच बिनअंड्याची. हेझलनट, मैदा, साखर, लोणी समसमान वजनाने. लहान गोळे भाजून दोन-दोन चॉकलेटने जोडतात. आपल्या नानकटाईशी तिचं नातं रक्ताचं नसलं तरी स्वभाव तोच. १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम दाण्याचं कूट, ८० ग्रॅम पिठीसाखर आणि लोण्याऐवजी ८५ ग्रॅम रवाळ तूप. लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून तूप कमी. ते वितळवायचं नाही, साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं. नऊ ग्रॅमचे गोळे १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. ४५ अंशांच्या दुपारी मात्र तूप फेसताना पाणीच होतं. पहाटे करा, नाहीतर गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आर्तुझीच्या काळी ‘फोर्नो दा काम्पान्या’ नावाचं भांडं होतं, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. विदर्भात चुलीवर हे जमतं. गॅसवर वरची आच मिळत नाही, एवढाच फरक. जाड कढईत किलोभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवणं. ताटली एकावर एक दोन ठेवाव्यात, नाहीतर बुड करपतं. झाकणाला कोरडं फडकं बांधावं, कारण बिस्किटातून निघालेली वाफ झाकणावर जमून पुन्हा थेंबथेंब वर पडते. एका वेळी सहा ते आठ, जास्त नको.

बेकरीच्या भट्टीत देणार असाल तर गोळे घरून वळून पत्र्यात नेऊ नका, रस्त्याने बसतात. पीठ डब्यात न्या आणि पावाची खेप निघाल्यावरच पत्रा आत जाऊ द्या, नानकटाईच्या आचेला. कांतुच्चीचा दुसरा फेरा टोस्टबरोबर होतो. पूर्ण थंड झाल्यावर स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. पावसाळ्यात नरम पडली तर १५० अंशांवर सहा मिनिटं पुन्हा भाजून निवू द्या.