दर आठवड्याला एक फोन

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायेलिनचं आवरणच कुरतडू लागते. पाय जड होतात, नजर धूसर होते आणि थकवा असा की आंघोळीतच दिवसाची ताकद संपावी. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी तीव्र नैराश्य गाठतं. आजाराचं दुःख तर असतंच, पण मेंदूला झालेल्या इजेचाही त्यात वाटा असतो. अशा माणसाला दर आठवड्याला समुपदेशनासाठी बोलावलं, तर तो येण्याजाण्यातच गळून जाणार.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मोर यांनी म्हणून उपचारच फोनवर नेला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 127 एमएस रुग्णांना 16 आठवडे, दर आठवड्याला फोन केला गेला. एका गटाशी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या, पद्धतीने बोलणं झालं, तर दुसऱ्याला मन मोकळं करायला आधार दिला गेला. नैराश्य दोन्हीकडे उतरलं, सीबीटीच्या गटात अधिक. सुधारणा पुढे वर्षभर टिकली, पण दोन गटांमधला फरक तोवर मावळला होता. फोनच न आलेला तिसरा गट यात नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

सीबीटीत नेमकं होतं काय? ‘पाय उचलत नाहीत, म्हणजे मी आता घरावर ओझं झाले,’ असं रुग्ण म्हणते, असं समजा. यातला पहिला भाग खरा आहे. ‘तसं काही नाही हो’ म्हणून तो उडवून लावणं म्हणजे तिच्या आजारालाच खोटं ठरवणं. समुपदेशक हात घालतो तो ‘म्हणजे’च्या पुढच्या भागाला. हा निष्कर्ष कशावरून काढला? या आठवड्यात घरात तुमच्यावाचून काय अडलं? मग झेपेल असं एखादं काम ठरतं आणि पुढच्या फोनवर त्याची चौकशी होते. दीर्घ आजारात हे फार नाजूक काम आहे आणि ते आवाजावरही जमतं.

नैराश्याच्या 325 रुग्णांवरच्या, 2012 मधल्या मोर यांच्याच दुसऱ्या चाचणीत समोरासमोरचा उपचार सुमारे 33 टक्के लोकांनी अर्ध्यावर सोडला, फोनवरचा 21 टक्क्यांनी. उपचार संपताना गुण सारखाच होता. सहा महिन्यांनी मात्र प्रत्यक्ष भेटलेले काहीसे पुढे होते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दोन खोल्यांच्या घरात सासूबद्दल बोलायला कोपरा कुठून आणायचा?

भारतात 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. संकटात हा क्रमांक लावायला कचरू नये. पण एमएस, मधुमेह किंवा डायलिसिसच्या रुग्णाला त्याच समुपदेशकाचा सोळावा फोनही लागतो. डायलिसिसची पुढची तारीख देताना रुग्णालयांनी त्या फोनची वेळही लिहून द्यावी, असं मला कळकळीने वाटतं.