नागपुरातील कार्यालयीन फोटोकॉपी व्यवसाय

कार्यालयांना झेरॉक्स मशीन विकणे किंवा भाड्याने देणे, त्यांची देखभाल करणे, टोनर (छपाईची कोरडी शाई) व सुटे भाग पुरवणे आणि दुकानात बसून गिऱ्हाइकाला प्रती काढून देणे, असा या व्यवसायाचा पसारा आहे. नागपुरात त्याला मोठी गिऱ्हाइकी आहे. शहरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, हिवाळी अधिवेशन भरते, १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीज काढणारी मॉईल आणि भारतीय खाण ब्यूरो यांची मुख्यालयेही इथलीच.

पानामागे पैसे घेण्याची रीत या उद्योगाच्या जन्मापासूनची आहे. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली कोरडी छायाप्रत काढली. त्या तंत्रावर हॅलॉइड झेरॉक्स कंपनीने १९५९ मध्ये ‘९१४’ हे मशीन आणले. ते महाग होते, म्हणून कंपनीने ते भाड्याने दिले: महिन्याला ९५ डॉलर, त्यात २००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला वेगळे पैसे. एकस्वांमुळे (पेटंटमुळे) झेरॉक्सला वर्षानुवर्षे प्रतिस्पर्धीच नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीने तिला एकस्वे इतरांसाठी खुली करावी लागली. त्याच काळात रिको आणि कॅनन या जपानी कंपन्या लहान, स्वस्त मशीन घेऊन बाजारात शिरल्या होत्या. कॅननने १९८२ मध्ये ड्रम (ज्यावर प्रतिमा उमटते तो दंडगोल) आणि टोनर एकाच कार्ट्रिजमध्ये बसवले. ते संपले की बदलायचे, मेकॅनिकची वाट पाहायची गरज नाही. झेरॉक्सची विक्री तिच्या स्वतःच्या सेवा अभियंत्यांवर उभी होती, त्यामुळे हा घाव वर्मी बसला. भारतात मोदी झेरॉक्सची स्थापना १९८३ मध्ये झाली आणि कारखाना उत्तर प्रदेशात रामपूरला उभा राहिला.

आजही स्थानिक डीलरची कमाई मशीन विकण्यापेक्षा मीटर रीडिंगवर, म्हणजे मशीनने मोजलेल्या प्रतींवर, अधिक अवलंबून असते. मशीन डीलरचे, टोनर, ड्रम, फ्यूझर (शाई तापवून कागदावर पक्की करणारा भाग) आणि दुरुस्तीही त्याचीच. कार्यालय फक्त कागद आणते आणि पानामागे ठरलेला दर देते. स्पर्धा पैशांत चालते, रुपयांत नाही. दर पाडून काम मिळवलेला डीलर अनेकदा स्वस्त टोनर भरतो. त्याने ड्रम लवकर झिजतो, पानावर काळपट पट्टे येतात. नागपूरच्या हवेत यंत्राची परीक्षा आणखी कडक होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि पेपर जॅम सुरू होतात. अशा वेळी दुरुस्तीचा माणूस तासाभरात पोचतो की दोन दिवसांनी, यावर कंत्राटाची खरी किंमत ठरते. केंद्र सरकारची खरेदी २०१६ पासून ‘जेम’ या ऑनलाइन बाजारपेठेकडे वळली. त्यामुळे परगावच्या विक्रेत्यालाही इथल्या कार्यालयाचे दार उघडले, ही पारदर्शकता चांगलीच आहे. पण निव्वळ कमी बोलीवर निवड केली, की गावातल्या अनुभवी कारागिराचे मोल हिशेबात येत नाही आणि भुर्दंड कार्यालयालाच पडतो.

मशीन डिजिटल झाल्यावर कॉपियर, प्रिंटर आणि स्कॅनर एका पेटीत आले. खरेदीचा निर्णय स्टेशनरी विभागाकडून संगणक विभागाकडे सरकला आणि प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्या कॉपियरच्या बाजारात आल्या. एचपीने २०१७ मध्ये सॅमसंगचा प्रिंटर व्यवसाय घेतला तो याच वाटेवर.

त्याहून मोठा बदल म्हणजे खुद्द पानेच कमी होत आहेत. डिजिलॉकर, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, न्यायालयातील ई-फायलिंग या प्रत्येकाने प्रतींचा एकेक गठ्ठा कमी केला. माहिती अधिकारात मात्र दोन रुपये पानाने प्रती आजही मागितल्या जातात, आणि परीक्षांच्या काळात नोट्सची गर्दी कायम असते. नोट्सच्या प्रतींना कायद्याचाही आधार मिळाला: दिल्ली विद्यापीठातील फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठीच्या अशा प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली मुभा असल्याचे मान्य केले.

दुकानदारांनी आपला धंदा त्याप्रमाणे वळवला आहे. मोबाइलवर आलेली फाइल छापून देणे, ऑनलाइन अर्ज भरणे, स्कॅनिंग, लॅमिनेशन आणि स्पायरल बाइंडिंग ही कामे आता प्रतींच्या जोडीने चालतात. वकिलांसाठी जाड पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा संच) स्कॅन करून, पानांना क्रमांक देऊन पीडीएफ बनवणे हे त्यातले सर्वांत जिकिरीचे काम. त्याचा दर साध्या प्रतीपेक्षा जास्त असतो, आणि तो रास्तही आहे.