अणुबॉम्बनिर्मितीवरील नाटक

युद्धकाळात महासंहारक अस्त्र घडवणारे वैज्ञानिक ज्यांत मुख्य पात्रे असतात, अशा नाटकांचा हा गट. बहुतेकांचा विषय अणुबॉम्ब बनवण्याचा अमेरिकेचा गुप्त मॅनहॅटन प्रकल्प, १६ जुलै १९४५ची ट्रिनिटी ही पहिली अणुचाचणी आणि ६ व ९ ऑगस्टला हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्ब हा असतो. स्फोट हा या नाटकाचा गाभा नव्हे. गाभा असतो तो स्फोटाआधीच्या आणि नंतरच्या खोल्यांत, माणसे एकमेकांशी काय बोलतात त्यात.

संहितेला कागदपत्रांचा भक्कम आधार मिळतो. बॉम्ब जिथे घडला त्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या १९५४ साली सुरक्षा-परवान्याची चौकशी झाली आणि तिचे इतिवृत्त त्याच वर्षी छापले गेले. हाइनार किपहार्ट यांचे १९६४चे जर्मन नाटक त्यावरच उभे आहे. खुद्द ओपेनहायमर यांनी मात्र त्याला हरकत घेतली होती. इंग्लंडमधील फार्म हॉल येथे स्थानबद्ध केलेल्या १० जर्मन शास्त्रज्ञांची चोरून ऐकलेली संभाषणे १९९२ साली खुली झाली, तीही अशीच खाण.

मुंबईत हा विषय परका नाही. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि तिथल्याच ‘सायरस’ या अणुभट्टीतले प्लुटोनियम १९७४च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. दादरच्या प्रयोगाला अणुशक्तीनगर या अणुशास्त्रज्ञांच्या वसाहतीतले निवृत्त प्रेक्षक येऊन बसू शकतात, हे धरूनच तालीम करावी. हिरवे चमकणारे युरेनियम, पांढरे कोट घालून वावरणारे शास्त्रज्ञ, फळ्यावर आइन्स्टाइनचे समीकरण या तीन चुका वारंवार होतात. लॉस अलामॉसच्या छायाचित्रांत लोक साध्या शर्ट-पँटमध्ये दिसतात. फळ्यावर काही लिहायचेच असेल तर एक अणू फुटला की पुढचे दोन फुटतात ही दुपटीची मालिका लिहावी: १, २, ४, ८... सुमारे ८० दुपटींत किलोभर युरेनियममधले अणू संपतात, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळते.

रंगवस्तूंत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे बॉम्बचा गाभा असलेला प्लुटोनियमचा गोळा. २१ मे १९४६ रोजी लॉस अलामॉसचे शास्त्रज्ञ लुईस स्लोटिन यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर निसटला, बेरिलियमचे वरचे अर्धगोल कवच गोळ्यावर पूर्ण टेकले, अणू फुटण्याची साखळी सुरू होऊन निळा प्रकाश चमकला आणि किरणोत्सर्गामुळे नवव्या दिवशी स्लोटिन गेले. हा प्रसंग बसवताना लाकडी चेंडू वापरला तर तो पाव किलोच्या आसपास भरतो. मूळ गोळ्याचा व्यास ८.९ सेंटिमीटर आणि वजन ६.२ किलो होते. त्याच मापाचा पोलादी गोळा २.९ किलो आणि शिशाचा ४.२ किलो होतो. निदान पोलादी तरी घ्यावा, कारण हलकी वस्तू उचलणारे मनगट प्रेक्षकाला लगेच कळते.

अनुवादात खरी परीक्षा सर्वनामांची. इंग्रजीत सगळे एकाच ‘यू’वर भागते, मराठीत प्रत्येक नात्याला निवड करावी लागते. प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्हज आणि ओपेनहायमर यांच्यात दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’, तरुण सहकाऱ्यांत ‘तू’, वयाने मोठे असलेल्या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याशी ‘आपण’. लॉस अलामॉसमधले सहकारी एडवर्ड टेलर यांनी १९५४च्या चौकशीत ओपेनहायमर यांच्याविरुद्ध साक्ष दिली. तोवर ‘अरे रॉबर्ट’ म्हणणारा टेलर त्या प्रवेशात ‘तुम्ही’वर आला की मैत्री तुटल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. असा पेच मराठी संहितेलाच साधतो आणि तो सोडू नये.

दुसरी जागा गीतेची. ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’ (११.३२) ही ओळ ओपेनहायमर यांनी चित्रवाणीवर १९६५ साली आठवणीदाखल सांगितली; इंग्रजीत त्यांनी ‘काल’चे ‘मृत्यू’ केले. अनेक संहितांत ती चाचणीच्या पहाटेच तोंडी घातली जाते, ते टाळावे. ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकासमोर नटाने मूळ संस्कृत ओळ म्हणावी आणि ‘काल’ म्हणजे काळ हे प्रेक्षकावर सोडावे.

चाचणीचा प्रवेश बहुतेकदा प्रकाश आणि आवाज एकाच क्षणी दिल्याने फसतो. मुख्य तळ स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटरवर होता आणि तिथे हवेचा धक्का सुमारे ४० सेकंदांनी पोचला. म्हणून आधी चार-पाच सेकंद पूर्ण काळोख, मग एकच झळाळी, मग शांतता. १००० वॅटचे ८ ‘पार’ (PAR) जातीचे हॅलोजन रंगदिवे लावले तर २३० व्होल्टवर जवळपास ३५ अँपियर भार येतो. एका १५ अँपियरच्या जोडणीवर तीनच दिवे चालतात. बाकीचे वाटून घेतले नाहीत तर ऐन वेळी फ्यूज जातो. हॅलोजनची तार विझायला वेळ लागतो, त्यामुळे कापून विझणारी झळाळी हवी असल्यास एलईडी लावावेत. लुकलुकता प्रकाश देऊ नये. अपस्माराच्या रुग्णांसाठी तिकीटखिडकीवर सूचना लावावी.

चाचणीच्या वेळी त्या ४० सेकंदांत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे खाली सोडायची तयारी ठेवली. धक्का येताच ते सुमारे अडीच मीटर सरकले आणि त्यावरून त्यांनी स्फोट १० हजार टन टीएनटीइतका असल्याचा अंदाज बांधला. हे रंगमंचावर करताना वातानुकूलनाची झुळूक कपटे भलतीकडे नेते. म्हणून त्या प्रवेशापुरती रंगमंचाकडची हवा बंद करावी, विंगेत एक छोटा पंखा ठेवावा आणि तो कोणी, कोणत्या सेकंदाला चालू करायचा ते घड्याळ लावून ठरवावे.