आत्महत्यांच्या आकडेवारीवर प्रोजेक्ट करताय? छपाईला देण्यापूर्वी हे वाचा

१० सप्टेंबरचा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन जवळ आला की नर्सिंग, समाजकार्य आणि बी.एड.ची मुलं तक्ते-पोस्टर घेऊन आमच्या म्हापशाच्या दुकानात येतात. टायपिंग, आलेख, लॅमिनेशन, बाइंडिंग सगळं होतं. अडतं एकाच ठिकाणी. पोस्टर छापून जातं, सर लाल शेरा मारतात आणि तेच काम परत आमच्या टेबलावर.

चूक असते संख्या आणि दर यांची सरमिसळ. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या आहेत, देशात सर्वाधिक. सिक्कीमचा आकडा तीनशेच्याही आत. संख्येचा आलेख काढला तर सिक्कीमचा खांब दिसतसुद्धा नाही. तेच दर लाख लोकसंख्येमागे मोजा: सिक्कीम ४३.१, देशात पहिला, महाराष्ट्र १८.१, देशाची सरासरी १२.४. राज्यांची तुलना करायची तर दरच घ्या. फाइलमध्ये दोन्ही रकाने आणलेत तर आलेख त्याच दिवशी मिळतो.

गोव्यावर लिहिणाऱ्यांनी आणखी जपावं. आपली वस्ती जेमतेम पंधरा लाखांची, त्यामुळे पंधराएक घटना इकडे-तिकडे झाल्या की दर एका अंकाने हलतो. एकाच वर्षावरून ‘गोव्यात चिंताजनक वाढ’ असं ठळक अक्षरात छापू नका. निदान पाच वर्षांचे आकडे आणा.

बिहारचा दर ०.६ बघून कुणी ‘तिथे ताण कमी’ असं लिहून आणतं. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. नोंदच कमी झाली तर दरही कमीच दिसणार. ‘कारणां’चंही तसंच. कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के ही पोलिसी वर्गवारी आहे, एका मृत्यूला एक रकाना. प्रत्यक्षात नैराश्य, दारू, कर्ज, एकटेपण, आधी झालेला प्रयत्न हे घटक एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून ‘यामुळे’ऐवजी ‘जोखमीचे घटक’ लिहा. आणि जागतिक आरोग्य संघटनेचे दर बहुधा वयानुसार समायोजित केलेले, म्हणजे सगळीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धरून काढलेले असतात; ते एनसीआरबीच्या आकड्यांशेजारी एकाच आलेखात बसवू नका.

दोन गोष्टींवरून गिऱ्हाईक आमच्याशी वाद घालतं. फास, गोळ्या, रेल्वेरूळ अशी चित्रं आम्ही छापत नाही. पोस्टर कॉलेजच्या भिंतीवर लागणार, समोरून कोण कुठल्या मनःस्थितीत जाईल सांगता येत नाही. आणि खाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर आम्ही न विचारता टाकतो. त्या ओळीचे पैसे लावत नाही.

तक्ता तपासून देण्याचं वेगळं बिल नाही, मात्र काम आमच्याकडेच छापायला हवं. पेन ड्राइव्हवर पीडीएफ नको, एक्सेल आणा. चतुर्थी बहुधा याच दिवसांत येते आणि दुकान बंद असतं, तेव्हा ऑगस्टमध्येच या.